ढगांतून पडलेला उंदीर : लेमिंग आणि त्याच्या नातलगांच्या वर्गीकरणाचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाचा विषय निवडावयाचा म्हटले, की वक्ता बहुधा एखाद्या राजाकडे, लढाईकडे किंवा समाजसुधारकाकडे वळतो. मी आज आपल्यापुढे एका उंदराचा इतिहास मांडणार आहे. हा उंदीर आपल्या देशात नाही. उत्तर ध्रुवाभोवतीच्या वृक्षहीन, वर्षातील आठ-नऊ महिने बर्फाखाली राहणाऱ्या टुंड्रा प्रदेशात त्याची वस्ती आहे. त्याला लेमिंग म्हणतात. लांबी वीतभरसुद्धा नाही, वजन फार तर शंभर ग्रॅमच्या आसपास, शेपटी आखूड, कान केसांत दडलेले. एवढ्याशा प्राण्याला नेमके कोणते नाव द्यावे आणि त्याला कोणाच्या शेजारी बसवावे, या प्रश्नावर युरोप-अमेरिकेतील विद्वानांनी पावणेपाचशे वर्षे खर्च केली आहेत, आणि तो प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही.

आपल्या भाषेत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत केवळ एका मात्रेचा फरक आहे. पहिल्याचा अर्थ बारसे करणे, दुसऱ्याचा अर्थ दोष काढणे. वर्गीकरणशास्त्राचा सारा इतिहास या दोन क्रियांत सामावलेला आहे. एका पिढीने नाव ठेवायचे आणि पुढच्या पिढीने त्या नावाला नावे ठेवायची. वरवर पाहणाऱ्याला हा पंडितांचा रिकामा खेळ वाटेल. तो तसा नाही, हे दाखविण्याचा माझा प्रयत्न आहे.

१. ढगांतून पडणारे प्राणी

लेमिंगविषयीची युरोपातील जुनी लिखित माहिती सोळाव्या शतकातील आहे. बव्हेरियाचा भूगोलकार याकोब त्सीग्लर याने १५३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, वादळी हवेत हे प्राणी आकाशातून पडतात, असे लिहिले. १५५५ मध्ये स्वीडनचा निर्वासित धर्माधिकारी ओलाउस माग्नुस याचा उत्तरेकडील लोकांविषयीचा मोठा ग्रंथ रोममध्ये छापला गेला. त्यात हीच हकीकत आहे, आणि ढगांतून खाली पडणाऱ्या लहान लहान प्राण्यांचे एक लाकडी ठशाचे चित्रही आहे.

आज आपण या समजुतीला हसू. परंतु ती कशी निर्माण झाली हे समजून घेतले पाहिजे. लेमिंगची संख्या दर तीन ते पाच वर्षांनी अकस्मात वाढते. बर्फाखालच्या बिळांत हिवाळाभर प्रजनन चालू असते. वर माणसाला काहीच दिसत नाही. बर्फ वितळले की काल जेथे एकही प्राणी नव्हता, तेथे डोंगरउतारावर जिकडेतिकडे लेमिंग दिसू लागतात, आणि पुढे तितक्याच झपाट्याने नाहीसे होतात. जे जमिनीतून येताना दिसले नाही ते आकाशातून आले असावे, हा तर्क त्या काळी वेडगळ नव्हता. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील इन्युपिआत लोकही पट्टेवाल्या लेमिंगला ‘आकाशातला’ अशा अर्थाचे नाव देतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तपकिरी लेमिंगसाठी त्यांच्या भाषेत दुसरेच नाव आहे. म्हणजे विद्वानांनी ज्या दोन गटांना वेगळे करण्यासाठी पुढे शतके घालविली, ते गट तेथील शिकाऱ्यांनी आपल्या बोलीत आधीच वेगळे केले होते.

या कथेवर पहिला शस्त्रप्रयोग डेन्मार्कच्या ओले वर्म या वैद्याने केला. एकशिंग्या घोड्याचे शिंग म्हणून विकली जाणारी वस्तू वास्तविक नारव्हाल नावाच्या समुद्री प्राण्याचा दात आहे, हे दाखवून देणारा हाच तो वर्म. १६५३ मध्ये त्याने लेमिंगवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्याने लेमिंगचे विच्छेदन केले आणि त्याची शरीररचना इतर उंदरांसारखीच आहे, हे दाखविले. तथापि आकाशातून पडण्याची गोष्ट त्याने टाकून दिली नाही. हे प्राणी ढगांत उत्पन्न होत नसतील, वाऱ्याने उचलून आणले जात असतील, एवढीच दुरुस्ती त्याने केली. हातात सुरी आणि समोर पुरावा असतानाही परंपरागत समजूत एका झटक्यात सुटत नाही, याचे हे उदाहरण आहे.

२. लिनियसचे घर

कार्ल लिनियस १७३२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, लॅपलँडच्या प्रवासाला निघाला. पुढे १७४० मध्ये स्वीडिश विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात त्याने एक टिपण लिहिले. नॉर्वेत ढगांतून खाली येतात असे म्हटल्या जाणाऱ्या प्राण्यांविषयीचे ते टिपण होते. आकाशाचा संबंध त्याने तोडला आणि लेमिंगला जमिनीवरच्या प्राण्यांत आणून बसविले.

१७५८ मध्ये त्याच्या ‘सिस्टेमा नातुरे’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ आज याच आवृत्तीपासून मानला जातो. प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे लॅटिन नाव : पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. आपल्याकडे आडनाव आणि नाव असते तसेच, फक्त आडनाव आधी. लेमिंगला नाव मिळाले ‘मुस लेम्मुस’. ‘मुस’ म्हणजे उंदीर.

पण या ‘मुस’ आडनावाचे घर फार मोठे होते. त्यात घरातला उंदीर होता, हॅमस्टर होता, डोंगरातला मार्मोट होता आणि गिनीपिगही होता. त्याच्या वरच्या पायरीवर, ‘ग्लिरेस’ या गणात, साळिंदर, ससा, बीव्हर, खार आणि उंदीर यांच्या सोबतीला चक्क गेंडा होता! लिनियसने समोरच्या दातांची ठेवण ही मुख्य खूण धरली होती, आणि त्या हिशेबात गेंडा तेथे जाऊन पडला. पुढील आवृत्तीत त्याला तेथून हलविण्यात आले. ससा मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ कृंतकांच्या, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या घरात राहिला. त्याच्यासाठी स्वतंत्र गण असावा, हा विचार १९१२ मध्ये गिडली या अमेरिकी शास्त्रज्ञाने ठामपणे मांडला.

दिसण्यावरून नाते ठरत नाही, हे आपल्या घरातही पाहता येते. चिचुंद्रीला आपण उंदरांत जमा करतो. परंतु उंदरासारखे सतत वाढणारे पटाशीचे दात तिला नाहीत आणि ती कृंतक नाही. उलट अंगभर काटे असलेले साळिंदर उंदराचे दूरचे भावबंद आहे. लिनियसचे मोठेपण यात, की कोणती खूण खरी मानावयाची हा प्रश्न त्याने उघडपणे मांडला. त्याचे उत्तर चुकले तेव्हा ते कोठे चुकले हे इतरांना दाखविता आले.

३. पल्लास आणि दूरवरून आलेली कातडी

पेटर सिमोन पल्लास हा बर्लिनमध्ये जन्मलेला निसर्गवेत्ता. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या निमंत्रणावरून तो १७६७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेला, आणि १७६८ ते १७७४ या काळात त्याने उरल पर्वत व सैबेरिया पालथा घातला. १७७८ मध्ये त्याने कृंतकांच्या नव्या जातींवर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बाह्य वर्णनाबरोबर शरीराच्या आतील रचनेची वर्णने आहेत. लेमिंग एकाच जातीचा नाही, हे या ग्रंथाने प्रस्थापित केले. गळ्याभोवती पट्टा असलेल्या लेमिंगला पल्लासने ‘मुस टॉर्क्वाटुस’ म्हणजे पट्टेवाला उंदीर असे नाव दिले. याच ग्रंथात अटलांटिकपलीकडच्या लॅब्राडॉरहून आलेल्या लेमिंगलाही वेगळे नाव मिळाले.

पट्टेवाल्या लेमिंगची दोन वैशिष्ट्ये आहेत. हिवाळ्यात त्याची लव पांढरी होते. कृंतकांत असा पालट करणारे वंश थोडेच आहेत. त्याच ऋतूत त्याच्या पुढच्या पायांच्या मधल्या दोन बोटांची नखे वाढून दुहेरी होतात आणि बर्फ उकरण्यास कामी येतात. या नखांवरूनच १८४१ मध्ये ग्लोगर याने ‘डायक्रॉस्टोनिक्स’ हा स्वतंत्र वंश स्थापन केला. या ग्रीक शब्दाचा अर्थ दुभंगलेल्या नखाचा असा आहे. तपकिरी लेमिंगांसाठी ‘लेम्मुस’ हा वंश लिंक याने १७९५ मध्येच केला होता. अशा रीतीने ‘मुस’च्या त्या जुन्या वाड्यातून एकेक बिऱ्हाड बाहेर पडू लागले.

एकोणिसाव्या शतकात नमुने आणले ते बहुधा खलाशांनी, शिकाऱ्यांनी आणि जहाजांवरील वैद्यांनी. देवमासे पकडण्यासाठी ग्रीनलंडच्या समुद्रात जाणारा कप्तान विल्यम स्कोर्सबी १८२२ मध्ये ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला. त्याने आणलेल्या लेमिंगचे वर्णन त्याचा मित्र, लिव्हरपूलचा वैद्य टॉमस ट्रेल याने केले, आणि ते स्कोर्सबीच्या १८२३ च्या प्रवासवृत्तात छापले गेले. उत्तर अमेरिकेच्या तपकिरी लेमिंगला नाव दिले रिचर्डसनने. फ्रँकलिनच्या मोहिमेत तो शल्यवैद्य म्हणून गेला होता. जंगलातल्या शेवाळावर जगणाऱ्या करड्या रंगाच्या लेमिंगचे वर्णन १८४४ मध्ये स्वीडनच्या लिलयेबोरी याने केले. त्याचे घर वेगळे व्हावयास मात्र १९१० साल उजाडावे लागले. तेव्हा अमेरिकेच्या गेरिट मिलर याने त्याच्यासाठी ‘मायोपस’ हा वंश केला.

४. दाढांची साक्ष

कातडीचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो, वयाप्रमाणे बदलतो, आणि संग्रहालयाच्या पेटीत तर तो विटूनच जातो. तेव्हा अधिक टिकाऊ साक्षीदार हवा होता. तो दाढांच्या रूपाने मिळाला.

आपल्या घरातील उंदराच्या दाढेवर लहान लहान उंचवटे असतात. लेमिंग आणि त्याचे सख्खे नातलग व्होल यांच्या दाढा वरून सपाट असतात, आणि त्यांवर कठीण दंतवल्काच्या रेषा नागमोडी त्रिकोण करीत जातात. गवत, साल आणि शेवाळ असे चिवट अन्न दळण्यासाठी हे जणू टाकी लावलेले जाते आहे. टाकी झिजली तर जाते पुन्हा टाकवून घ्यावे लागते; येथे ती सोय निसर्गानेच केली आहे. लेमिंगच्या आणि अनेक व्होलांच्या दाढांना मुळे नसतात आणि त्या आयुष्यभर वाढत राहतात. या एका खुणेवरून पुष्कळ गोंधळ निस्तरला. अमेरिकेतील मस्करॅट हा पाण्यात राहणारा, सशाएवढा प्राणी लिनियसने बीव्हरच्या वंशात घातला होता. दाढांनी सांगितले, की तो मोठ्या आकाराचा व्होलच आहे.

या साक्षीची व्यवस्थित मांडणी मिलर याने १८९६ मध्ये आपल्या व्होल आणि लेमिंग यांच्या वंशांवरील पुस्तिकेत केली. दाढांबरोबरच त्याने खालच्या जबड्यातील पटाशीच्या दाताचे मूळ कोठवर जाते हे पाहिले. बहुतेक व्होलांत ते दाढांच्या खालून पलीकडे बाहेरच्या बाजूस जाते. लेमिंगांत ते आखूड असून आतल्या बाजूसच थांबते. या आधारावर त्याने सर्व लेमिंगांचा एक गट केला.

यानंतरचा मोठा ग्रंथ १९२६ चा. ब्रिटिश संग्रहालयाने प्रसिद्ध केलेल्या, जिवंत व नामशेष व्होल आणि लेमिंग यांवरील या ग्रंथाचा कर्ता मार्टिन हिंटन. तो तरुणपणी वकिलाच्या कचेरीत कारकुनी करीत असे आणि फावल्या वेळात जीवाश्मांचा अभ्यास करी. इंग्लंडच्या खडकांतील भेगांत त्याला पट्टेवाल्या लेमिंगचे दात सापडले होते. जेथे आज एकही लेमिंग नाही, तेथे हिमयुगात टुंड्रा होता, असे ते दात सांगत होते. हिंटनच्या ग्रंथाचा पहिला खंडच प्रसिद्ध झाला; दुसरा कधी निघाला नाही.

५. एक धागा आपल्याकडचा

हिंटनच्या नावापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण येथे या कथेचा एक धागा आपल्या भागापर्यंत पोहोचतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ च्या सुमारास हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांच्या पाहणीचे काम हाती घेतले. आरंभ खानदेशापासून झाला. पुढे धारवाड आणि कारवारकडील प्रदेशही पाहिला गेला. गोळा झालेले नमुने लंडनच्या संग्रहालयात तपासले जात. भारत, ब्रह्मदेश आणि सिलोन येथील घरगुती उंदरांवरचा अहवाल सोसायटीच्या नियतकालिकात १९१८ मध्ये आला, आणि तो लिहिणारा हिंटन होता. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगनंतर कोणता उंदीर घरात राहतो आणि कोणता शेतात, हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिला नव्हता. ज्या हातांनी आपल्या माळ्यावरचे उंदीर वेगळे केले, त्याच हातांनी पुढे ध्रुवप्रदेशातील लेमिंगांची वंशावळ लिहिली.

याहून जुना धागा धारवाडचा आहे. कंपनी सरकारचा अधिकारी वॉल्टर एलियट याने १८३९ मध्ये दक्षिण मराठा मुलुखातील सस्तन प्राण्यांची यादी मद्रासच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. उंदीर कोठे राहतात, काय खातात, हे त्याला वडार आणि इतर लोकांकडून कळले. त्यांची नावे त्याने टिपून घेतली. कानडीतील ‘गुलंदी’ हे नाव ‘गोलुंडा’ होऊन लॅटिन वंशनाम झाले, आणि वडारांचा ‘मेट्टाड’ हा शब्द थोडा बिघडून ‘मेल्टाडा’ या रूपाने एका जातीला चिकटला. शास्त्राच्या दप्तरात अशी निरक्षर माणसांची साक्ष ठिकठिकाणी नोंदलेली आहे. फक्त त्यांच्या सह्या तेथे नाहीत.

लेमिंगचे नातलग मात्र आपल्या देशात अगदीच नाहीत असे नव्हे. हिमालयात उंच खडकाळ उतारांवर व्होल राहतात. त्यांतील एकाचे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ रॉइल याच्यावरून, तर दुसऱ्याचे लडाखच्या वाटेवर प्राण गमावलेल्या भूशास्त्रज्ञ स्टोलिच्का याच्यावरून ठेवलेले आहे.

६. वाटण्या आणि घराचे नाव

एकत्र कुटुंबाच्या वाटण्या होतात तेव्हा जमीन वाटता येते, भांडी वाटता येतात. पण घराण्याचे नाव कोणाकडे राहावयाचे? वर्गीकरणातही हाच पेच पडतो. त्यासाठी नियम असा, की प्रत्येक वंशाला एक प्रमाण जाती असते. वंशाच्या कितीही वाटण्या झाल्या तरी मूळ नाव त्या जातीबरोबर जाते. तसेच, दोन नावे एकाच वंशाची ठरली तर जुने नाव टिकते.

पल्लासच्या, १८११ हे साल नोंदलेल्या रशियाच्या प्राण्यांवरील ग्रंथात ‘मायोडीस’ असा एक वंश आहे. त्यात लेमिंगही होते आणि तांबड्या पाठीचे व्होलही होते. या वंशाच्या वाटण्या झाल्या तेव्हा नाव कोणाचे? अमेरिकेच्या कूझने १८७७ मध्ये लेमिंग ही प्रमाण जाती धरली. फ्रान्सच्या लातास्तने १८८३ मध्ये तांबडा व्होल धरला. नॉर्वेचा प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ कोलेट १८९५ मध्ये लेमिंगला ‘मायोडीस लेम्मुस’ म्हणत होता. पुढे लेमिंगसाठी १७९५ चे ‘लेम्मुस’ हे नाव स्थिर झाले, तांबड्या व्होलांना ‘क्लेथ्रिओनोमिस’ म्हणण्याची वहिवाट पडली, आणि प्रकरण मिटल्यासारखे वाटले.

२००३ मध्ये तिघा तज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे पाहून निकाल दिला, की लातास्तची निवड ग्राह्य आहे. म्हणून तांबड्या व्होलांचे खरे नाव ‘मायोडीस’. जगाने ते स्वीकारले. २०२० मध्ये क्रिस्तुफेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच दप्तर पुन्हा उघडले आणि कूझची निवड आधीची असल्याचे दाखविले. म्हणून ‘मायोडीस’ हे लेमिंगचेच जास्तीचे नाव ठरले आणि व्होलांना ‘क्लेथ्रिओनोमिस’ हे नाव परत मिळाले. आता हा व्होल उत्तर युरोपात माणसाला मूत्रपिंडाचा ताप देणाऱ्या पूमाला विषाणूचा वाहक आहे. मधल्या काळातील पुष्कळसे वैद्यकीय लेखन एका नावाने आहे आणि त्याआधीचे दुसऱ्या. दोन्ही नावे एकाच प्राण्याची आहेत हे ज्याला ठाऊक नाही, त्या तरुण डॉक्टरला अर्धे ज्ञान सापडणारच नाही.

७. फोडणारे, जोडणारे आणि गुणसूत्रे

वर्गीकरणकारांत दोन स्वभाव आढळतात. काहींना थोडा फरक दिसला की नवी जाती करावीशी वाटते. काहींना फरकांपेक्षा साम्य मोठे वाटते. पहिल्या पंथाचा अग्रणी अमेरिकेचा हार्ट मेरियम. उत्तर अमेरिकेतील तपकिरी अस्वलांचे त्याने ऐंशीहून अधिक प्रकार केले होते. १९०० मध्ये त्याने पट्टेवाल्या लेमिंगांच्याही अनेक नव्या जाती जाहीर केल्या. विसाव्या शतकाच्या मध्यास वारे उलट वाहू लागले. एर्न्स्ट मायर याच्या १९४२ च्या ग्रंथाने जातीची कसोटी रूपावरून प्रजननावर नेली : ज्यांचा आपसांत संकर होऊन वंश चालतो ते एका जातीचे. मग अनेकांनी ध्रुवाभोवतीच्या सगळ्या पट्टेवाल्या लेमिंगांची एकच जाती मानली. तपकिरी लेमिंगांविषयीही तसाच विचार पुढे आला.

१९७० नंतर गुणसूत्रे मोजण्याच्या पद्धती सुधारल्या आणि हा निकाल पुन्हा फिरला. बाहेरून ओळखता न येणाऱ्या दोन ठिकाणच्या पट्टेवाल्या लेमिंगांची गुणसूत्रे संख्येने आणि रचनेने वेगळी निघाली. रँगेल बेटावरील लेमिंगला रशियाच्या ओग्नेव्हने १९४८ मध्ये दिलेले वेगळे नाव आता सार्थ ठरले. याच सुमारास एक विलक्षण गोष्ट उघड झाली. जंगलातील ‘मायोपस’ लेमिंगांत माद्यांची संख्या नरांपेक्षा पुष्कळ अधिक का, याचा शोध घेताना फ्रेडगा आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९७६ मध्ये असे आढळले, की काही माद्यांची लिंगसूत्रे नराची आहेत, आणि तरीही त्या पिलांना जन्म देतात. वर्गीकरणासाठी उघडलेल्या पेटीतून जीवशास्त्राचे एक निराळेच प्रकरण बाहेर आले.

१९९३ मध्ये लेमिंगच्या जीवनावरील एक बृहद् संपादित ग्रंथ निघाला. त्यात जॅरेल आणि फ्रेडगा यांचा वर्गीकरणविषयक लेख आहे. त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक आहे : लेमिंग किती प्रकारचे? लिनियसनंतर दोनशे पस्तीस वर्षांनी तज्ज्ञांनी हा प्रश्न विचारावा, यात शास्त्राचे अपयश नसून त्याचा प्रामाणिकपणा आहे.

८. रक्ताचे नाते

यानंतर आला डीएनएचा पुरावा, आणि त्याने मिलरच्या गटाला हात घातला. तपकिरी लेमिंग, जंगलातील ‘मायोपस’ आणि अमेरिकेच्या दलदलीतील ‘सिनॅप्टोमिस’ हे एका शाखेचे ठरले. पट्टेवाला ‘डायक्रॉस्टोनिक्स’ मात्र त्यांचा सख्खा भाऊ नाही. त्याची शाखा स्वतंत्र आहे. बसके शरीर, आखूड शेपटी, दडलेले कान ही साम्ये एका आईबापांकडून आलेली नाहीत. एकाच थंडीने ती दोन्ही घरांत घडविली आहेत. गवताळ प्रदेशातील ज्यांना ‘स्टेप लेमिंग’ म्हणतात ते तर व्होलच आहेत. लेमिंग हा शब्द आज नात्याचा राहिलेला नसून राहणीचा झाला आहे, असे म्हणावे लागेल.

गुहांतील जुन्या हाडांतूनही आता डीएनए काढता येतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बेल्जियममधील गुहेतल्या पट्टेवाल्या लेमिंगांची हाडे तपासली गेली. तेथील लेमिंग एकदा नव्हे, अनेकदा नष्ट झाले होते आणि दरवेळी दुसरीकडून नवे येऊन वसले होते. लिनियसच्या ‘मुस लेम्मुस’विषयी, म्हणजे नॉर्वेच्या लेमिंगविषयी, २०१४ मधील संशोधनाने असे सुचविले, की शेवटच्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यातही तो स्कँडिनेव्हियातच कोठेतरी तग धरून राहिला. २०२५ मध्ये त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार पश्चिम सैबेरियातील लेमिंगपासून तो सुमारे पस्तीस हजार वर्षांपूर्वी वेगळा झाला असावा. सस्तन प्राण्यांच्या इतिहासात हे अगदी कालचे आहे.

९. नावाची किंमत

एवढे सगळे कशासाठी? उंदराला काय म्हणावे याने कोणाचे काय बिघडते?

एक उदाहरण देतो. १९५८ मध्ये ‘व्हाइट विल्डरनेस’ नावाचा अमेरिकी माहितीपट निघाला. त्याला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. लेमिंगचे थवे कड्यावरून पाण्यात उड्या घेऊन आत्मनाश करतात, असे त्यात दाखविले होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील पत्रकारांनी हे उघडकीस आणले, की ते चित्रण समुद्रापासून दूर असलेल्या आल्बर्टा प्रांतातील आहे, प्राणी बाहेरून विकत आणलेले होते आणि त्यांना खाली लोटण्यात आले होते. मोठ्या स्थलांतराची ख्याती आहे ती नॉर्वेच्या लेमिंगची. तोही आत्महत्या करीत नाही, गर्दी वाढली की नवी जागा शोधीत निघतो आणि वाटेत काही बुडतात. कॅनडातील ते प्राणी तर त्या जातीचेही नव्हते. ‘लेमिंग म्हणजे लेमिंग’ या एका निष्काळजी वाक्याच्या आधारावर साऱ्या जगाला एक असत्य शिकविले गेले, आणि अजूनही आंधळेपणाने मागे जाणाऱ्यांना लेमिंगची उपमा दिली जाते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ट्रेलने १८२३ मध्ये ज्या ग्रीनलंडच्या लेमिंगचे वर्णन केले, त्याचा अभ्यास त्याच किनाऱ्यावरील एका बेटावर १९८८ पासून सातत्याने चालू होता. त्या बेटाला स्कोर्सबीने आपल्या या मित्राचेच नाव दिलेले आहे. तेथे दर चार वर्षांच्या आसपास संख्या वाढण्याचा लेमिंगचा ठेका होता. इ. स. २००० नंतर तो मोडला. मोठे वर्ष येईनासे झाले आणि लेमिंगवर पिले वाढविणाऱ्या हिमघुबडांची वीण खालावली. नॉर्वेतही हिवाळी बर्फाचा पोत बदलल्यामुळे लेमिंगची मोठी वर्षे चुकल्याचे २००८ मध्ये मांडले गेले. आता, ध्रुवाभोवती एकच पट्टेवाला लेमिंग आहे असे आपण मानले, तर एका किनाऱ्यावर तो घटल्याने फारसे बिघडत नाही. दुसरीकडे तो आहेच. पण ग्रीनलंडचा निराळा, रँगेल बेटाचा निराळा, लॅब्राडॉरचा निराळा असेल, तर एका बेटावरचा शेवटचा प्राणी हा पृथ्वीवरचा शेवटचा प्राणी ठरतो. ज्याचे नाव नोंदवहीत नाही, त्याच्या मृत्यूची नोंदही होत नाही.

या इतिहासात वर्म, लिनियस, पल्लास, मिलर, सगळेच कोठे ना कोठे चुकले. तरीही त्यांचे काम वाया गेले नाही, कारण त्यांनी नावाबरोबर वर्णन ठेवले, आणि जेथे जमले तेथे कातडी, कवटी, दात असा प्रमाण नमुनाही पुढच्यांसाठी जपून ठेवला. ज्याला शंका येईल त्याने पेटी उघडावी आणि स्वतः पाहावे, अशी ती सोय होती. पल्लासच्या काळी गुणसूत्र हा शब्द नव्हता आणि मिलरच्या काळी डीएनए कोणी वाचू शकत नव्हता. पण जपून ठेवलेल्या वस्तूने त्यांच्यानंतर येणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर दिले.

शाळेतही याहून निराळे काही घडत नाही. गुरुजी जे शिकवितात त्यातील काही पुढे कालबाह्य ठरते. मी शाळेत शिकलेले प्राण्यांचे वर्गीकरण आज त्या रूपात कोठेही छापले जात नाही. परंतु पाहून मग बोलावे, आणि ज्यावरून बोललो ते दुसऱ्याला पाहता येईल असे ठेवावे, ही शिस्त ज्यांनी लावली त्यांचे शिकवणे कालबाह्य होत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या कार्याचा अर्थ मला असाच दिसतो. त्यांनी दिलेल्या ज्ञानाला पुढच्या पिढीने खुशाल नावे ठेवावीत. त्यासाठी लागणारी नजर त्यांनीच दिलेली आहे.